समोरचा संघ टिकावा म्हणून

मी, अंजना गणपती शिंगे, वय ६८, निवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार गारगोटी, ता. भुदरगड, जि. कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहतं घर व बँकेतील ठेव मुलगा प्रसेनजीत व मुलगी दीप्ती यांना निम्मी-निम्मी.

२. घरामागची अकरा गुंठे जागा माझ्या पगारातून घेतलेली, स्वकष्टार्जित आहे. तिथे मुलींची कबड्डी चालते. प्रसेनजीतला तिथे मंगल कार्यालय हवं आहे. बाळा, ते होणार नाही. कारण लिहून ठेवते.

१९९१ साली जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला कोडोलीचा संघ, वाटेत गाडी बंद पडल्याने, चाळीस मिनिटं उशिरा आला. पंच खेळवायला तयार होते. मी नियम दाखवला आणि न खेळता विजय घेतला. त्यांच्या प्रशिक्षक बिबीजान मुल्ला एवढंच म्हणाल्या, "जिंकलीस म्हणं. खेळलीस कवा?"

मला रागच आला. पण न खेळताच परत यायचं तर पोरींना पाठवायचं कशाला, म्हणून कोडोलीच्या घरांनी मुलींचा खेळ बंद केला. पाठोपाठ आणखी दोन संघ मोडले. पुढच्या वर्षी माझ्या मुली तयारी करून बसल्या आणि समोर कुणीच नाही.

मी कोडोलीला गेले. बिबीजानबाईंनी दारातच विचारलं, "आता काय न्यायला आलीस?"

"न्यायला न्हाय, द्यायला आलोय."

आम्ही दोघी घरोघर फिरलो. माझी सगळ्यात चांगली चढाई करणारी निशिगंधा कोडोलीतल्या तिच्या मावशीकडे ठेवून मी त्यांच्या संघाला दिली. तिनंच आम्हाला हरवलं. मी रडले, आणि पुढचा सामना ठरवूनच घरी आले.

३. म्हणून सदर जागा मैदानच राहील. विकता येणार नाही. व्यवस्था दीप्ती व निशिगंधा पाहतील. उशिरा येणाऱ्या संघासाठी थांबावं. कुणाला खेळाडू कमी पडले तर समोरच्यांनी द्यावेत. सलग दोन वर्षं जिंकणाऱ्यांनी आपली एक मुलगी शेवटच्या संघाला द्यावी. ती चांगली खेळणारी हवी, राखीव चालणार नाही.

४. मला 'हरायची हौस आलेली बाई' म्हणणाऱ्या आमच्या शाळेतल्या अमरसिंह सरांना माझी शिट्टी द्यावी. एकदा तरी पंच व्हावं त्यांनी.

५. प्रसेनजीत, तू विचारलंस, "आई, तुला ह्यातनं मिळालं काय?" गेल्या रविवारी सतरा संघ आले होते. तुला जागा मोजायला माणसं आणायचीच असतील, तर रविवारी चारला आण. मुली खेळत असताना टेप धरून दाखव.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

अंजना गणपती शिंगे

आमच्यासमक्ष सही झाली :
१. ॲड. राजवीर देसाई
२. डॉ. प्रियदर्शनी चौगुले

गारगोटी, १४ नोव्हेंबर २०२५