बॅटरी रोज सकाळी बसते त्याबद्दल

मुकुटबन, बुधवार

तीर्थरूप इंद्रजितमामांना नयनचा वाकून नमस्कार.

उमरखेडला सगळं बरं असेल असं धरून चालते. कौसल्यामामीचे गुडघे थंडीत धरतात, तेव्हा तिला सकाळी सडा टाकायला वाकू देऊ नका. इकडे आई-बाबा ठीक. मीही ठीक, फक्त थकले आहे. (फोन केला असता, पण आमच्याकडे फोनवरचं बोलणं अंगणभर ऐकू जातं. भुरीबाई उद्या उमरखेडला लेकीकडे येत आहेत, त्यांच्या हाती हे पत्र.) मागणं काही नाही, नुसतं मन मोकळं करायचं आहे.

तुमच्या ओळखीतून बाबांनी जी जुनी गाडी घेतली, तिची बॅटरी दहा दिवसांपासून रोज सकाळी बसलेली असते. ढकलली की चालू होते, आणि ढकलायला अख्खी गल्ली हौसेने येते. पण येत्या रविवारी मला आठवीतल्या चार मुलींना शिष्यवृत्तीच्या परीक्षेला वणीला न्यायचं आहे. (त्यांची शिकवणी मीच घेते, आणि रविवारी इतक्या सकाळी एसटी नसते.) तिघींच्या घरचे कसेबसे तयार झाले. चौथी खुशी, आमच्या शेजारच्या किसनरावांची नात, चौघींत सगळ्यात हुशार. किसनराव म्हणाले, "ढकलाच्या गाडीत आमची पोरगी बसनार नाई. आधी मिस्तरी बोलाव." तेव्हा मी चार माणसांसमोर सांगून बसले की मिस्त्री कशाला, मी बी.एस्सी. आहे, विषय फिजिक्स. मामा, पदवी मिळाल्यापासून मी केलेली ही सर्वात मोठी चूक.

मग मी रीतसर कामाला लागले. मल्टिमीटर मागवला, वही घातली, तारीख-वेळ टाकून नोंदी सुरू केल्या. गाडी चालू असताना चौदा व्होल्टच्या वर, म्हणजे चार्जिंग ठीक. बंद असताना गाडी किती वीज ओढते तेही मोजलं, नगण्य. दिवसभर चार्जर लावून संध्याकाळी साडेबारा व्होल्टवर बॉनेट बंद करते, सकाळी पाहते तर अकरा. एका संध्याकाळी चिडून सगळे फ्यूज काढून डब्यात ठेवले. सकाळी तरी बॅटरी बसलेलीच. म्हणजे वीज जाते, पण गाडीतून जात नाही. असं कुठल्याच पुस्तकात नाही. (शेवटी बॅटरीची वायरच सोडून ठेवली, तर सकाळी ती छान घट्ट आवळलेली. मीच झोपेच्या तंद्रीत आवळली असणार. बॅटरीवर काळी मातीही रोज येते, ती मी रोज पुसते आणि वहीत "धूळ" असं लिहिते.)

आई म्हणते, "शिकली नसती तं आतापर्यंत गाडी चालू झाली असती." किसनराव कुंपणावरून विचारतात, "काहो मास्तरीनबाई, आज किती पानं झाली?" बाबा मात्र शेजारी बसून कौतुकाने वही पाहत राहतात, आणि त्या कौतुकानेच जास्त थकायला होतं. मुलींना मी सांगत आले की निरीक्षण केलं की कारण सापडतंच. आता त्या रोज विचारतात, सापडलं का ताई, आणि मी त्यांना भूमितीची वही उघडायला लावते.

असो. मामीला नमस्कार सांगा.

तुमची दमलेली भाची,
नयन

ता.क. गुरुवार, सकाळ. कारण सापडलं. आज फटफटताच उठले, तर बाबा शेताकडून स्कूटरवर येत होते आणि पायाशी पोत्यात गुंडाळलेली गाडीची बॅटरी होती. शेताच्या कुंपणाच्या तारेत वीज सोडणाऱ्या झटका मशीनची बॅटरी दिवाळीतच गेली. दहा दिवसांपासून रानडुकरं हरभऱ्यात शिरतात म्हणून बाबा अंधार पडला की ही काढून नेतात, तारेला लावतात आणि उजाडायच्या आत परत बसवतात. मी म्हटलं, बाबा, दहा दिवस मी काय करत होते ते तुम्ही बघत होता ना? तर म्हणाले, "तू लिहून राह्यली होती. म्हटलं, कॉलेजातला प्रयोग असंन, मधात कायले बोलाचं?" त्यांच्या समजुतीने संध्याकाळी भरलेली बॅटरी सकाळी का उतरते, हा प्रश्न मला परीक्षेत आला होता.

ता.क. २. वर "मागणं काही नाही" लिहिलं ते कृपया खोडलेलं समजा. बाबा शनिवारी रात्री मशीन बंद ठेवायला तयार आहेत, "पोरींची परीक्षा मोठी" म्हणतात, पण त्यांनी ते हरभऱ्याकडे बघत म्हटलं. तुमच्या ट्रॅक्टरची जुनी बॅटरी गोठ्यात पडून आहे ना, ती शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचवाल का? झटका मशीनला पुरेल. आणि तुम्ही सहज आणली असं बाबांना सांगा, मी मागितली असं नको.

ता.क. ३. बाबांनी आत्ताच कुंपणापाशी जाऊन किसनरावांना सांगितलं, "पोरीनं फॉल्ट काढला, वहीत लिहून लिहून." किसनराव वही मागून पाहणार आहेत, मगच खुशीचं ठरवतील. दोषाच्या रकान्यात बाबांचं नाव लिहायला हात धजत नाही, आणि खोटं लिहायचं नाही असं मुलींना मीच शिकवलं आहे. तूर्त एवढंच लिहिलं आहे: "बॅटरीला रात्री विश्रांती मिळत नाही." मामा, हे खोटं नाही ना?