बिल्ल्यावरची टोपी

२ फेब्रुवारी

सात नंबरच्या चड्डीवरचा गवताचा डाग निघत नव्हता म्हणून मी लिंबू चोळत बसले होते. अकरा जर्स्या पिळून झाल्या होत्या, अकरा टबात होत्या. हे मागच्या दोरीपाशी गेले, आपली टोपी काढली. “ओली आहे अजून,” मी म्हटलं. “डोक्यावर वाळेल,” म्हणाले. चहाचा कप विसळून पालथा घातला आणि गेले. गेल्या वर्षीची आजची सकाळ. त्यात एवढंच होतं. मी वर्षभर तिच्यात आणखी काही सापडतंय का बघते आहे.

मैदानावर फक्की मारणं हे यांचं काम. तीस वर्षं. चारी कोपऱ्यांत खुंट्या ठोकायच्या, सुतळी ताणायची आणि तिच्या कडेने पांढरी रेघ ओढत जायची. कपडे माझ्याकडे. क्लब आमचा नव्हता, पण त्याच्या रेघा आमच्या आणि मळही आमचा.

मग एका कंपनीने क्लब विकत घेतला. नाव बदललं, गडद हिरवा रंग काढून राखाडी आणला. त्या दिवशी मैदानाला कुलूप लागणार होतं. मी धुतलेल्या जर्स्यांचं गाठोडं घेऊन पोचले, तेव्हा फाटकाबाहेर हजारभर पाठीराखे आणि आत कंपनीचे रखवालदार. हे म्हणाले, आपसात डोकी फोडाल, मी बोलतो. खुंट्यांची पिशवी धाकट्या भावाच्या हातात दिली – “धर रे, आलोच” – आणि मधोमध जाऊन उभे राहिले. गर्दीकडे तोंड, दोन्ही हात वर.

पहिली वीट कुणाची ते माहीत नाही. फाटक आडवं झालं. रखवालदार दांडे घेऊन बाहेर आले. एकाचा जबडा माझ्यासमोर फुटला, दात माझ्या गाठोड्यावर पडले. मला कुणाचं तरी कोपर लागलं, मी खाली. उठले तेव्हा हे आडवे होते आणि त्यांच्यावर एक उंच रखवालदार वाकलेला, हातात दांडा.

“कुणी मारलं, वहिनी?” गर्दीतून सलूनवाला ओरडला.

मी बोट दाखवलं.

६ फेब्रुवारी

काल मॅच. धुणं जड.

नव्या क्लबला आठ महिने झाले. पाठीराख्यांनीच काढला, बाटल्यांच्या कारखान्यामागच्या पडीक जागेवर. एक माणूस, एक मत. अध्यक्ष माझे दीर, भाऊजी. सलूनवाला सेक्रेटरी. रंग पुन्हा गडद हिरवा, आणि बिल्ल्यावर यांची टोपी. भाऊजींनी स्वतः काढली ती, आठवून आठवून. बावीस जर्स्यांवर बावीस टोप्या मीच इस्त्रीने चिकटवल्या.

काल समोरच्या संघाच्या बॅकने आमच्या चार नंबरच्या नडगीवर उडी घेतली. हाड मोज्यातून बाहेर आलं. मग लोक मैदानात उतरले. रेफ्रीला गोलपोस्टला दाबून धरलं, त्या बॅकच्या तोंडावर बुटांनी लाथा घातल्या. आमची माणसं ही. मला दुकानात रांगेत पुढे जाऊ देणारी.

मोज्याचं काय करायचं, असं चार नंबरच्या बायकोने विचारायला पाठवलं. टाकून द्या म्हटलं. लोकर आहे, रक्त धरते.

मी वाचायला शिकले ती कपड्यांच्या लेबलांवरून. पहिलं पूर्ण वाक्य वाचलं ते “थंड पाण्यात धुवा”. हे हसले होते, म्हणाले, झालं तुझं शिक्षण. नंतर मी ग्रंथालयाची दोन कपाटं वाचून काढली, पण त्या वाक्याइतकं खरं फारसं काही सापडलं नाही. रक्त थंड पाण्यातच निघतं. गरम पाण्यात टाकलंत तर जन्माचं बसतं.

९ फेब्रुवारी

कोर्टाने लंबूला सोडलं. लंबू म्हणजे तो रखवालदार. दांड्यावर यांचं रक्त सापडलं नाही म्हणे. माझी साक्ष होती – मला तो यांच्यावर वाकलेला दिसला. वकील म्हणाला, वाकणं म्हणजे मारणं नव्हे.

भाऊजी कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हणाले, “त्यांनी सोडलं. आम्ही नाही सोडणार.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चप्पल शोधत होते.

११ फेब्रुवारी

आज लिहूनच टाकते. इथे नाही तर कुठे.

हे गेल्यावर महिन्याने मी यांची टोपी धुवायला काढली. तोवर हात लागला नव्हता. थंड पाण्यात मीठ टाकून दोन तास ठेवली. पाणी बदललं. पुन्हा ठेवली. रक्त गेलं तेव्हा भोक दिसलं. पुढच्या बाजूला, डाव्या भुवईच्या वर येतं तिथे. चौकोनी.

रखवालदारांच्या दांड्याला लोखंडी टोक असतं, पण ते गोल. डॉक्टरांनी “जड, टोकदार वस्तू” एवढंच लिहिलं. टोपी त्यांनी पाहिलीच नाही, ती माझ्या गाठोड्यात होती.

चौकोनी लोखंड मी रोज बघत आले आहे. यांच्या खुंट्या. गज कापून यांनी स्वतः केलेल्या, वीतभर, वर कडी. आठ. भाऊजींनी पिशवी त्याच संध्याकाळी आणून दिली होती. मी उघडली, तर सात. पिशवीतली एक खुंटी काढून टोपीच्या भोकात घातली. अशी बसली, की टोपी शिवणाऱ्याने तिच्यासाठीच जागा ठेवली असावी.

रखवालदार यांच्या पाठीमागे होते. समोर आपले लोक. पिशवी एकाच माणसाच्या हातात.

अकरा महिने मला हे ठाऊक आहे. लंबू त्यातले आठ तुरुंगात होता. मी गप्प बसले, कारण भाऊजी माझ्या मांडीवर मोठे झाले. कारण क्लब यांच्या टोपीवर उभा आहे. ही कारणं खरी आहेत. पण पहिलं कारण हे, की बोट मी दाखवलं होतं. दाखवलेलं बोट परत मुठीत घ्यायला फार जोर लागतो.

१६ फेब्रुवारी

आज मॅच नव्हती. तरी धुणं आलं.

भाऊजींनी स्वतः आणलं, पोत्यात घालून. नऊ जर्स्या. सराव संपल्यावर तसेच कुठे तरी गेले होते. गवत नाही, माती नाही. बाह्यांवर, छातीवर, टोपीच्या बिल्ल्यांवर रक्त. अंगातून आलेलं रक्त आतून बाहेर पाझरतं. हे बाहेरून पडलेलं होतं. उडालेलं.

“कुणाचं?” मी विचारलं.

“त्याचंच. बसथांब्यावर सापडला.” मग म्हणाले, “दादाचं ऋण होतं, वहिनी.”

“जिवंत आहे?”

“एक डोळा गेला म्हणतात. तुम्ही उकळत्या पाण्यात टाका सगळं.”

मी थंड पाण्यात टाकलं. नऊ बादल्या. पाणी लाल झालं, मग गुलाबी, मग नुसतं पाणी. दहा नंबरच्या बाहीला केस चिकटले होते, मुळांसकट. ते काढून कागदात गुंडाळले. का, ते माहीत नाही. कुणाचं काही असं मोरीत सोडवेना.

१८ फेब्रुवारी

लंबूची आई आली होती.

दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, कपडे टाकायला आली असेल. इस्पितळात आया आहे. हात माझ्यासारखेच, पाण्याने सुजलेले.

“बोट दाखवलंत ती तुम्हीच ना?”

“हो.”

“नीट बघून घ्यावं म्हटलं.”

मी पाट दिला. बसली नाही. म्हणाली, “त्या दिवशी माझा पोरगा घरी आला तेव्हा त्याची पँट मी धुतली. रक्त होतं ते दोन्ही मांड्यांवर, वरच्या बाजूला, हे एवढं पसरलेलं. मारणाऱ्याच्या मांडीवर कसं येईल हो? मांडीवर डोकं घेणाऱ्याच्या येतं. तुम्ही धुणं धुता. तुम्हाला कळायला पाहिजे.”

“थंड पाण्यात धुतलीत?”

माझ्या तोंडून गेलं. तिने माझ्याकडे बघितलं. “गरम,” म्हणाली. “मला काय माहीत. अजून डाग आहे.”

मग सांगितलं ते मला कुणीच सांगितलेलं नव्हतं. हे बोलले होते. लंबूच्या मांडीवर डोकं ठेवून, स्पष्ट. म्हणाले, “फक्कीचं पोतं बाहेर राहिलंय. आत घे, भिजेल.”

“आणि माझ्या मुलाने घेतलं आत,” ती म्हणाली. “तुम्ही बोट दाखवल्यावर लोक अंगावर धावून आले, तरी आधी पोतं आत ओढलं. येडा आहे. लहानपणापासून सांगितलेलं काम करतो.”

जाताना तिने माझ्या थोबाडीत मारली. सगळा जोर लावून. कान अजून वाजतो आहे. मी गाल पुढे केला नाही, मागेही घेतला नाही.

“हा फटका त्या डोळ्याचा नाही,” ती म्हणाली. “डोळ्याचा हिशेब माझ्या हाताला झेपणारा नाही.”

१९ फेब्रुवारी

फक्कीचं पोतं.

२० फेब्रुवारी

उद्या मॅच आहे. कंपनीच्या संघाशी, पहिल्यांदाच, आमच्या मैदानावर. सुरुवातीला यांच्यासाठी एक मिनिट शांतता.

भाऊजी दुपारी जर्स्या न्यायला आले. म्हणाले, “उद्या तुम्ही मधल्या वर्तुळात उभ्या राहा. आणि मॅच संपल्यावर लगेच घरी या. लोक तिथून त्या लंबूच्या घरी जाणार आहेत. रॉकेलचे डबे जमवलेत.”

“घरात त्याची आई असते.”

“मी काय करू? लोक ऐकणारे नाहीत आता.”

मी ट्रंकेतून टोपी काढली. खुंट्यांची पिशवी काढली. दोन्ही इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं आणि एक खुंटी भोकात घातली.

भाऊजी खाली बसले, भिंतीला टेकून. लहानपणी ताप आला की असेच बसायचे.

“मी रखवालदारावर फेकली होती,” म्हणाले. “दादा मध्येच माझ्याकडे वळला. कशाला वळला तो?”

“तुम्हाला थांबवायला.”

“तुम्हाला कधीपासून…”

“पहिल्या महिन्यापासून.”

“मग त्या दिवशी बोट का दाखवलंत?” इथे मात्र ते ओरडले. “मी सांगणार होतो! तोंड उघडलं होतं मी. तुम्ही बोट दाखवलंत आणि मी वाचलो. तुम्ही वाचवलंत मला, वहिनी. आता कशाला?”

मी म्हटलं, उद्या लोकांना सांगा. तुमचं ऐकतील. घर जळायचं वाचेल.

“क्लब संपेल,” म्हणाले. “चारशे माणसांनी हाताने दगड वेचून मैदान केलंय. दादाच्या नावावर केलंय. ती जागा उद्या कंपनी घेईल, पार्किंग करेल. चालेल तुम्हाला?”

नाही चालणार. मी तसं म्हटलंही. रडले मी तेव्हा, त्या दगडांसाठी.

तेवढ्यात ते उठले, टोपी उचलली आणि बंबाकडे गेले. बंब पेटलेला होता. झाकण काढून टोपी आत घालणार, तोच मी धोपटणं उचललं आणि त्यांच्या हातावर घातलं. एकदा. टोपी सुटली नाही. दुसऱ्यांदा घातलं, ओली चादर धोपटते तसं, खांद्यापासून. बोटं मोडल्याचा आवाज झाला. टोपी जमिनीवर पडली, कड जळलेली. भाऊजी गुडघ्यांवर होते, हात छातीशी धरून. मी तिसऱ्यांदा धोपटणं उचललेलं होतं आणि नजर डोक्यावर होती. डोक्यावर! हे मी इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला कुणापेक्षा चांगली समजायला नको.

खाली ठेवलं. थंड पाण्याची बादली आणून त्यांचा हात आत घातला.

“वहिनी,” ते म्हणाले, “उद्या काय करणार आहात?”

मी त्यांच्या हाताला फडकं बांधलं, बांबूच्या खपाटीचा आधार दिला. ते जर्स्यांचं गाठोडं डाव्या हाताने उचलून गेले. दारातून वळून म्हणाले, “बिल्ले नीट बसलेत या वेळी.” दुसरं काही बोलायला सुचलं नसेल.

२२ फेब्रुवारी

काल सकाळी मैदानावर लवकर गेले. यांच्या सात खुंट्या ठोकल्या, आठवीच्या जागी दगड ठेवून सुतळी बांधली आणि फक्की मारली. रेघ एका कोपऱ्यात वाकडी आली. शांततेच्या मिनिटाला मधल्या वर्तुळात उभी राहिले, यांची टोपी डोक्यावर घातली आणि म्हटलं, लंबूने मारलं नाही, मी खोटं बोट दाखवलं. “मग कुणी मारलं, वहिनी?” पुन्हा सलूनवाल्यानेच विचारलं. या वेळी मी आधी नीट पाहिलं, मग बोट दाखवलं. लोक धावले तेव्हा जाऊन भाऊजींच्या पुढे उभी राहिले. गर्दीकडे तोंड, दोन्ही हात वर. बंदोबस्ताच्या पोलिसांनी भाऊजींना गाडीत घालेपर्यंत.