हिच्या वजनाचा आलेख

३ मार्च, सकाळी ९
हिला दवाखान्यातून घरी आणून आज आठवडा झाला. हृदय थकलंय, अंगात पाणी साचतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी एक खोकं दिलंय. वजनकाटा, बीपीचं मशीन, बोटाला लावायचा चिमटा आणि एक टॅबलेट. रोज आकडे भरायचे, तिकडे सिस्टर बघणार. लेक परगावाहून फोनवर म्हणाली, बाबा, सोपं आहे, आईचं आईलाच करू दे. मी हसलो. एकतीस वर्षं गोदाम सांभाळलं, खिळ्याचाही हिशेब चुकला नाही. डायनिंग टेबलावर कंट्रोल रूम केली. जेवण यापुढे ओट्याशी.

४ मार्च
ठराव. सातच्या ठोक्याला वजन. दर दोन तासांनी बीपी. चिडायचं नाही.
दवाखान्याने बीपी दिवसातून एकदाच सांगितलंय. पण ते सर्वसामान्यांसाठी.

५ मार्च
बीपी सातला १३०, नऊला १४५, अकराला १६०. हिला विचारलं, असं का वाढतंय. म्हणाली, तुम्ही पट्टा घेऊन येताना दिसलात की वाढतं.
नोंद केली: पेशंट सहकार्य करत नाही. तिसरा ठराव आजपुरता स्थगित.

८ मार्च
आलेख काढले. लाल, हिरवा, जांभळा. शेजारचे मास्तर बघून गप्पच झाले. भारावले असावेत. मधेच ही म्हणाली, जरा गप्पा मारू या का. म्हटलं, आत्ता सिंक होतंय.

११ मार्च
वजन ५८ वरून ५९.२. अंगाला लागतंय. माझ्या सुपाचा गुण. पाकिटातलं, दिवसातून तीनदा, स्वतः करून देतो.
चपला घट्ट होताहेत म्हणे. जुन्या झाल्या. नव्या आणायच्या.

१२ मार्च, दुपारी
६०.४. टॅबलेटवर लाल ठिपका आणि टुंग टुंग. मागोमाग सिस्टरचा फोन. पाय सुजलेत का, दम लागतो का. मी म्हटलं, तसं काही नाही, वजन छान वाढतंय. त्या म्हणाल्या, ते छान नाही, बाईंना फोन द्या. ही आंघोळीला गेली होती. म्हटलं, मी बघतो.
बघितलं. काटा एका बाजूला कलतोय, दुसरं काय. गोदामात काटा कलता असला की आम्ही वजा करायचो. दीड किलो वजा करून पुन्हा भरलं. ठिपका हिरवा.
हिला फोनचं सांगितलं नाही. उगाच घाबरते.

१३ मार्च
खरं ६१. भरलं ५९.५. हिरवा.
तरी चैन नाही. पाच वेळा उठून काटा सरळ केला. ही जिना चढताना दोनदा थांबली. विचारलं तर म्हणाली, काही नाही, तुमचं चालू द्या.

१४ मार्च, सकाळी ७
काट्याशी उभा. ही कुठेच नाही. मास्तरांच्या बायकोचा फोन आला. पहाटे हिला श्वास पुरेना, तेव्हा हिनेच सिस्टरना फोन केला, टॅक्सी बोलावली, दोघी दवाखान्यात पोचल्या. मी विचारलं, मला का उठवलं नाही. म्हणाल्या, ती म्हणाली, ते आधी आकडे घेत बसतील.

१४ मार्च, संध्याकाळी ५
फाईल घेऊन गेलो. बारा आलेख. डॉक्टरांनी न उघडता बाजूला ठेवली. फुफ्फुसात पाणी झालंय. खाणं काय, विचारलं. सुपाचं सांगितलं. त्यात मीठ किती असतं ठाऊक आहे का, म्हणाले. मग विचारलं, रात्री उशा किती घेतात? दम लागणाऱ्या माणसाला आडवं झोपवत नाही, उशा वाढत जातात. मी फाईल चाळली. तो कॉलम नव्हता.
दीड किलोचं मीच सांगून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं. सिस्टरनी दोन्ही दिवसांचे खरे आकडे लिहून घेतले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ मार्च
ही घरी आली. सूज उतरली. टॅबलेट हिच्याकडे, पासवर्डही हिचाच. आज वजन किती, विचारलं. म्हणाली, सिस्टरना कळवलंय.
मग विचारलं, उशा किती घ्यायचीस? म्हणाली, शेवटचे चार-पाच दिवस तीन. माझ्या दोन आणि तुमची एक. तुम्ही घोरायला लागलात की हळूच काढून घ्यायचे. कळलं नाही तुम्हाला?
मी म्हटलं, कळलं होतं.
कळलं नव्हतं.