जुना नमदा

मंगळवार, १२ नोव्हेंबर २००२, संध्याकाळ

रविवारी घोडीवरून गगनबावड्याला जायचंय आणि तिच्या पाठीवर काय घालायचं ते ठरत नव्हतं. फोमच्या नव्या गादीनं मागच्या महिन्यात पाठ सोलली होती, ती आत्ता कुठं भरली. म्हणून आज खोगीर शिवणाऱ्या बापूंकडनं लोकरीचा जुना नमदा आणला, खोगिराखाली घालायला. जाड, मऊ. "लांबच्या वाटंला ह्योच बरा, ताई," म्हणाले.

दुपारी बालिंग्याच्या पुलापर्यंत जाऊन आले. घोडी मजेत चालली. परतताना मात्र एका उंबराखाली आपणहून थांबली. टाच मारली तरी हलेना. मग कुणीतरी रिकिबीत पाय टाकून चढावं तशी डावीकडं कलली, सावरली आणि निघाली. माझे दोन्ही पाय रिकिबीतच होते. भास झाला का मला?

घरी खोगीर उतरवलं. पाठ स्वच्छ, कुठंही लाल नाही. पण खोगिराच्या मागं, जिथं नमद्यावर काहीच टेकत नाही, तिथंही लोकर दबून ओली झालेली.

तशीच बापूंकडं गेले. घोडी उंबराखाली थांबली म्हटल्यावर त्यांचा हात थांबला.

"ज्याचा नमदा, त्यो रोज तिथनं बायकोला मागं बसवून घरला आणायचा. ती वारली, मग त्यानं घोडं इकलं." मग माझ्याकडं वळून विचारलं, "फुडं कुठं थांबली का घोडी? कुणाला उतरवाय?"

"नाही. थेट घरी आलो."

बापू माझ्या शेजारी बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बसा की दोघीबी."

मी बाकावर बसले. शेजारी जागा सोडून बसले.