शेळीपुढं धरायचं पान

तीर्थरूप माय,

लांबूनच पाया पडतो. मी मजेत हाय. बेंगळूरच्या या झाडांच्या बागेत आता टिकीन म्हणतो.

पंधरा दिवसांनी देशोदेशीच्या बागांमधले, झाडं शिकवणारे मास्तर इथं जमणार हायत. बागेच्या मॅडम म्हणाल्या, "मल्लेश, तुमच्या रानातला एखादा पाला पाहुण्यांना चाखायला दे." मी फुशारकीनं एक दाखवला, त्यांनी पाहुण्यांच्या जेवणाच्या यादीत त्याचं नावसुद्धा छापलं. पण तसाच दिसणारा विषारी पाला बी असतो ना? मी दाखवलेला पाला नंतर चाखला, तर जीभ बधिर झाली. आता बरी हाय.

अक्काचं लेकरू चालायलंय का?

पान पाकिटात घातलंय. आपण आधी शेळीपुढं धरतो, पण इथं शेळी कुठली? तू आपल्या शेळीपुढं धर; तिनं तोंड फिरवलं तर शेजारच्या शिवाप्पाअण्णाकडून लगेच फोन कर. मग मॅडमला खरं सांगीन, हे बी काम गेलं तर जाऊ दे.

तू मात्र चाखू नको.

तुझा,
मल्लेश