बिटकॉइन साठवणाऱ्या कंपनीचे शेअर आणि इंदूबाई

मी, सूर्यभान नत्थुजी बोडखे, वय ६७, धंदा फुलशेती व फूलविक्री, राहणार अकोट, जिल्हा अकोला. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे आणि डोके ठिकाणावर आहे. कोणीही भरीस घातलेले नाही. माझ्यामागे काय कोणाचे, ते लिहून ठेवतो.

१. राहते घर पत्नी मनकर्णा हिचे. तिच्या हयातीत ते विकायचा विषय कोणी काढू नये, मुलीनेसुद्धा नाही.

२. हिवरखेड रस्त्यावरचे पाऊण एकर शेवंतीचे वावर, विहीर व मोटरपंपासह, मुलगी अपेक्षा हिला.

३. पुतण्या विपुल याला काही नाही. माझे शेअरचे खाते त्यानेच उघडून दिले. "काका, धा वर्ष हात नोका लावू," म्हणाला. भाव पडल्यापासून माझा फोन उचलत नाही.

४. ते शेअर अपेक्षाला. कंपनी अमेरिकेतली. पूर्वी दुकानांसाठी बिलाचे सॉफ्टवेअर विकायची. आता बिटकॉइन घेऊन साठवते, त्यासाठी कर्ज काढते, नवे शेअरही विकते. हे मला घेतल्यानंतर कळले. अपेक्षा बँकेत आहे. तिने कागदावर मांडून दाखवले, की एका शेअरमागे शंभराचे बिटकॉइन होते तेव्हा मी दोनशे मोजले. "बाबा, शंभराची शेवंती तुमी टोपलीसकट दोनशेले घेतली, आन् टोपलीबी उधारीची." बिटकॉइन एक तृतीयांश उतरले, शेअर दोन तृतीयांशाहून जास्त. नवख्या माणसाने आधी हेच विचारावे: धंद्यातून किती येते, कर्ज किती, आणि बिटकॉइनच्या किमतीपेक्षा आपण जास्तीचे किती देतो. मी फक्त विपुलला विचारले.

नुकसान माझ्या एकट्याचे नाही. फूलबाजारात माझ्या शेजारी बसणारी इंदूबाई. नात पिंकीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे तिने माझ्या शब्दावर यात घातले. रोज सकाळी विचारते, "भाऊ, तुमी इकले का?"

"नाई."

"मंग म्याबी नाई इकत."

मी विकले, तर तिला आत ढकलून स्वतः निघालो असे होते. नाही विकले, तर ती माझ्या भरवशावर बुडत राहते. चौदा महिने हेच चालले आहे. मी बाजारात उशिरा जाऊ लागलो, तर ती माझी जागा झाडून ठेवते.

५. म्हणून फूलबाजारातला माझा ओटा माझ्यामागे इंदूबाईला द्यावा.

पुढील मजकूर त्याच दिवशी जोडला. वरचे वाचून दाखवायला इंदूबाईला घरी बोलावले होते. पाचवे कलम ऐकून ती उठली.

"भाऊ, आंधी त्या शेअरची वाट पाह्यली, आता तुमच्या मरनाची पाहू का? खोडा ते. आन् शेअर आता इका, माह्यासमोर."

मी मोबाइलवर विकायचा आदेश टाकला. मग तिने टाकला.

पाचवे कलम रद्द. चौथ्या कलमातल्या शेअरऐवजी त्यांचे जे येईल ते अपेक्षाला. वकिलांनी सांगितले होते, ज्याला मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये. आता इंदूबाईला काही मिळायचे नाही, म्हणून सही करते म्हणाली. पिंकीच्या प्रवेशाचे काय, हे विचारायचे माझे धाडस झाले नाही. तिनेही सांगितले नाही.

सही: सूर्यभान नत्थुजी बोडखे

वरील सही आमच्या दोघांच्या समक्ष झाली:
१. उत्तमराव शालिकराम काळमेघ, बियाण्यांचे दुकान, अकोट
२. इंदूबाई डोमाजी भुयार, फूलविक्री, अकोट

अकोट, १२ फेब्रुवारी २०२६