एकट्यानं दिलेली हजेरी

३ फेब्रुवारी

वन्संनी आज कहर केला. दारात चप्पल काढता काढताच विचारणा — काय मग, घरच्या शाळेला आज सुट्टी वाटतं? मुलं तेव्हा जमिनीवर जुनं गजराचं घड्याळ उघडून बसली होती. थोरली नऊ वर्षांची, डाव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर. धाकटा सहाचा, टॉर्च धरून. कागदावर सगळी चाकं आकारानुसार मांडलेली. सुट्टी म्हणे! वन्सं स्वतः शाळेत शिकवतात ना, पोरगं बाकावर दिसलं नाही की त्यांना ते शिकतंय असं वाटतच नाही.

जाताना पुन्हा तेच तुणतुणं. थोरलीला आता तरी शाळेत घाल, प्रवेश महिनाअखेरपर्यंतच आहेत, मग मला म्हणू नकोस. नवरोबा चहात बिस्किट बुडवत गप्प! बिस्किट तुटून कपात पडलं तेव्हा मात्र "अरेरे" म्हणाले. मूग गिळून बसण्यात या माणसाचा हात कुणी धरणार नाही.

४ फेब्रुवारी

घड्याळ जोडलं. एक चाक उरलं. तरी चालतंय!

६ फेब्रुवारी

वन्सं विसरल्या का? मी नाही विसरले. पहिलीत थोरली डाव्या हातानं लिहायची म्हणून तिच्या बाई तो हात पाठीमागे धरायला लावायच्या. पोर घरी जेवायला बसली तरी हात पाठीमागेच! विचारलं तर म्हणाली, "तो वाईट आहे." दुसऱ्या दिवशी शाळा बंद केली तिची. त्या बाईंचा चेहरा आठवला की आजही दात-ओठ खाते मी. नोकरी सोडली आणि घरी शिकवायला घेतलं. त्या हातानं आज ती घड्याळं उघडते, आणखी काय हवं लोकांना?

आज शुक्रवार, म्हणजे सभा. ही रीत मीच पाडली. जेवणाआधी टेबलाभोवती बसायचं. ज्याची तक्रार असेल त्यानं तोंडावर सांगायची, पाठीमागे नाही. आणि ज्याच्यावर तक्रार, त्यानं वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. पोरांना शाळेत हे कोण शिकवतं? आज थोरलीची बाबांवर तक्रार — ओला टॉवेल पलंगावर. धाकट्याची ताईवर — ती झोपेत लाथा मारते. माझ्यावर कुणाचीच नाही. आजवर कधीच नाही. वन्संनी एकदा येऊन बघावं.

१० फेब्रुवारी

चादरी बदलताना थोरलीच्या उशीखाली शाळेचा स्कर्ट सापडला! निळा, चुण्यांचा, कमरेला मोठी पिन. वन्संच्या लेकीचा जुना. तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच वन्संना फोन लावला. मी दिला नाही गं, तिनंच मागितला, म्हणाल्या. आणि आईला सांगू नको म्हणाली.

माझी मुलगी असं म्हणाली! हवं ते तोंडावर माग, असं रोज कानीकपाळी ओरडते ती मी. मग नवरोबांवर घसरले. त्यांना माहीत होतं! "अगं, खेळायला आणलाय तिनं," म्हणे. म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक, मीच काय ती परकी.

११ फेब्रुवारी

दुपारी दोरीवरचे कपडे काढून आत येत होते. मुलांच्या खोलीचं दार लोटलेलं, आतून थोरलीचा आवाज. फटीतून पाहिलं. घरातल्या यच्चयावत उशा भिंतीपाशी ओळीत. ही स्कर्ट घालून समोर उभी. हजेरी चाललेली.

ढब्बू? हजर. चष्मिस? हजर — नाकात. सारखी रडणारी? हजर — हुंदका देऊन. मागच्या बाकावरचा? हजर — घोगऱ्या आवाजात. सगळ्या उशांच्या वतीनं धाकटा एकटा! शाळेची पायरीसुद्धा न चढलेलं पोर आवाज बदलून बदलून बेजार.

मग ती म्हणाली, "नवीन मुलगी?"

"ती कशी बोलते?" धाकट्यानं विचारलं.

"ती नाही बोलत. ती आजच आलीये."

"कालपण आजच आली होती."

"ती रोज आजच येते."

राग आला. कुणाचा ते कळेना. कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या आणि पुन्हा घातल्या.

१३ फेब्रुवारी

आज सभेत पहिली तक्रार माझी. थोरलीवर. चोरून स्कर्ट आणला, माझ्यापासून लपवला. ती वाळू संपेपर्यंत गप्प बसली, मान ताठ. मीच शिकवलंय तसं.

मग मी सरळ विचारलं, शाळेत जायचंय का तुला?

"नको," ती म्हणाली. "तुला राग येतो."

मी काही म्हणणार, तेवढ्यात धाकट्यानं हात वर केला. "माझी तक्रार आहे. सगळ्यांचं हजर मलाच म्हणायला लागतं. माझा घसा दुखतो."

नवरोबांनी विचारलं, तक्रार कुणावर? त्यानं आधी ताईकडे पाहिलं. विचार केला. मग बोट माझ्याकडे केलं.

नवरोबांनी वाळूचं घड्याळ उलटं करून माझ्यासमोर ठेवलं. हाच तो मूग गिळणारा माणूस! वाळू इतकी सावकाश पडते हे मला माहीत नव्हतं. संपली. उठून बटाटे सोलायला गेले.

१४ फेब्रुवारी

कुणाशीही बोलले नाही. ज्यांच्यासाठी जिवाचं रान केलं त्यांनीच बोट दाखवावं! पाठीमागचा तो हात पुढे कुणी आणला? मी आणला!

संध्याकाळी वन्संना फोन केला, भांडायलाच. विचारलं, तुमच्या शाळेत डावखुऱ्या पोरांचं काय करता हो? वन्सं म्हणाल्या, "काही नाही करत गं. बाकाच्या डाव्या टोकाला बसवतो, शेजारच्याला कोपर लागू नये म्हणून."

एवढंच! मी फोन ठेवला. झोपेपर्यंत ते कोपर डोक्यातून जाईना.

१६ फेब्रुवारी

धाकट्याचा आवाज पार बसला. दुपारी थोरली स्वयंपाकघराच्या दारात आली, अंगात स्कर्ट, उघड उघड. हजेरीला कुणी नाही, येतेस का, म्हणाली. गेले. उशांमध्ये बसले. मी कोण, विचारलं. नवीन मुलगी, म्हणाली. एकेक नाव घेतलं तिनं, एकही उशी बोलली नाही. माझी पाळी आली तेव्हा मी कसंबसं "हजर" म्हटलं. तिनं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"घाबरू नकोस. इथे कुणी रागवत नाही."

संध्याकाळी स्कर्टची पिन काढून कमरेला नीट टाके घातले. उद्या वन्संबरोबर शाळेत जायचंय, तिला आणि मला.